जुनी एसयूव्ही घेताय? इसार देण्याआधी एवढं बघून घ्या

आपल्या मराठवाड्यात जुनी गाडी बहुतेक वेळा ओळखीतूनच येते. मेव्हण्याच्या मित्राची असते, शाळेतल्या सरांची असते, नाहीतर गावातल्या एखाद्या गुत्तेदाराची. "गाडी एक नंबर आहे, घरचीच समजा," असं मधला माणूस सांगतो, चहा होतो, अकरा-एकवीस हजारांचा इसार हातावर ठेवला जातो आणि तपासायचं राहून जातं. ओळखीच्या माणसासमोर बोनेट उघडून टॉर्च मारायला लोकांना अवघडल्यासारखं होतं, त्याला वाईट वाटेल अशी भीती असते. मला सगळ्यात आधी हेच सांगायचं आहे की हा संकोच बाजूला ठेवा. ज्यानं गाडी नीट सांभाळली आहे तो स्वतःहून सर्व्हिसची बिलं काढून दाखवतो आणि तुमचा मेकॅनिक आला तर त्याच्यासाठीही चहा सांगतो. तपासणीचं नाव काढल्यावर ज्याचा चेहरा बदलतो, त्याची गाडी दोनदा तपासा.

मी स्वतः जुनी घेतलेली डिझेल एसयूव्ही वापरतो आणि घरातल्या, मित्रमंडळींच्या गाड्या घ्यायच्या असल्या की सोबत जातो. क्रेटा, सेल्टॉस, डस्टर, स्कॉर्पिओ, एक्सयूव्ही ५००, हॅरिअर, हेक्टर या मापाची घरगुती गाडी पहिल्यांदाच जुनी घेणाऱ्यांसाठी हे लिहितो आहे. क्रम मोडू नका: आधी कागद, मग गाडी, आणि पैशाचं बोलणं सगळ्यात शेवटी.

१. गाडी कशासाठी हवी ते घरात बसून ठरवा

महिन्याचं रनिंग किती, यावर डिझेल की पेट्रोल ते ठरतं. संभाजीनगरहून आठवड्याला बीड-लातूर होत असेल, शेतावर जाणं-येणं असेल तर डिझेल परवडतं. पण लातूरच्या औसा रोडवर शाळा, भाजी आणि दवाखाना एवढाच वापर असेल तर डिझेलच्या नादी लागू नका. १ एप्रिल २०२० पासूनच्या डिझेल गाड्या बीएस-६ आहेत आणि त्यांच्या सायलेन्सरच्या वाटेत काजळी पकडणारी डीपीएफ नावाची जाळी असते. ती काजळी जळायला गाडी मधूनमधून हायवेवर सलग पळवावी लागते. फक्त गावात फिरणाऱ्या गाडीची जाळी तुंबते, आणि ती बदलायचा खर्च मोठा आहे. म्हणून बीएस-६ डिझेल बघताना आधीच्या मालकानं ती कुठे चालवली हे जरूर विचारा.

पेट्रोल घेणार असाल तर पंपावर आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं हे लक्षात ठेवा. एप्रिल २०२३ पासून बनलेल्या गाड्यांचे भाग त्याला चालतील असे केलेले आहेत. त्याआधीच्या गाडीचं मॅन्युअल उघडून बघा, किंवा कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला विचारा.

घरात माणसं जास्त असतील तर तिसऱ्या रांगेत स्वतः बसून बघा. स्कॉर्पिओच्या काही मॉडेलमध्ये मागची बाकं समोरासमोर असतात. तिथे मुलं बसणार असतील तर पट्टे आहेत का आणि ते लागतात का, हे तपासा.

२. सोबत काय न्यायचं

– चांगला टॉर्च (मोबाइलचा उजेड गाडीखाली पुरत नाही)
– लहान लोहचुंबक, पातळ फडक्यात गुंडाळून, म्हणजे रंगावर ओरखडा जाणार नाही
– पांढरा टिश्यू किंवा जुनं पांढरं फडकं
– ओबीडी स्कॅनर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधले चुकांचे कोड वाचणारं यंत्र. ब्लूटूथवर मोबाइलला जोडणारा साधा स्कॅनर हजार-दीड हजारात ऑनलाइन मिळतो
– वही-पेन. जे दिसेल ते तिथेच लिहा, कारण घासाघीस करताना हीच वही कामाला येते

आणि एक माणूस. तुम्ही बोलत असताना गाडीभोवती गुपचूप फिरणारा माणूस फार उपयोगी पडतो.

३. जाण्याआधी फोनवर चौकशी

मालकाकडून आरसीचा पुढून-मागून फोटो मागा. "आल्यावर दाखवतो" असं उत्तर आलं तर पुन्हा एकदा मागा, तरी नाही दिलं तर जाऊ नका. नंबर मिळाला की एम-परिवहन ॲपवर टाका. मालकाचं नाव तिथे अर्धवट दिसतं, पण नोंदणीची तारीख, इंधन, विमा आणि पीयूसीची मुदत, गाडीवर कर्जाचा बोजा आहे का, हे कळतं. महाट्रॅफिक ॲपवर किंवा ई-चलानच्या साइटवर थकलेले दंड बघा. हायवेवरच्या कॅमेऱ्यांची चलानं मालकाला स्वतःलाच माहीत नसतात, आणि रक्कम पाच आकड्यांत गेलेलीही सापडते.

४. कागद

हा भाग कंटाळवाणा आहे, पण पैसे बुडतात ते इथेच. इंजिन खराब निघालं तर खर्च करून दुरुस्त होतं. गाडी नावावरच होत नसेल तर ती दारात उभी राहते.

मूळ आरसी हातात घ्या. चेसी नंबर आणि इंजिन नंबर गाडीवरच्या नंबरांशी एकेक अक्षर जुळवा. चेसी नंबराच्या आसपास घासल्याच्या खुणा, नवा रंग किंवा अक्षरांच्या उंचीत फरक दिसला तर तिथूनच परत फिरा. 'ओनर सिरियल' म्हणजे गाडी कितव्या मालकाकडे आहे तो आकडा. वाहनाचा वर्गही बघा. 'मोटर कार' हवा. 'मोटर कॅब' असेल किंवा पूर्वी कॅब असून नंतर खासगीत बदललेली असेल, तर ती गाडी भाड्यानं धावलेली आहे आणि तिचं रनिंग मीटरवर दिसतं तेवढंच असेल असं धरून चालू नका.

आरसीवर बँकेचं किंवा फायनान्स कंपनीचं नाव असेल तर कर्ज फिटल्याचं नो-ड्यूज पत्र, बँकेची एनओसी आणि बँकेचा सही-शिक्का असलेला फॉर्म ३५ लागतो. कर्ज फिटलंय पण बोजा उतरवला नाही, अशा गाड्या भरपूर आहेत. तिथे मालकाला आधी बोजा उतरवायला सांगा. कर्ज अजून चालू असेल तर पैसे मालकाच्या हातात न देता त्याच्यासोबत बँकेत जाऊन कर्जखात्यात भरा, पावती घ्या आणि उरलेली रक्कम त्याला द्या. "हप्ते तुम्ही भरत राहा, फिटले की नावावर करतो" हा व्यवहार करू नका. भाऊबंदकीतही नको. हप्ते तुम्ही भरता आणि गाडी मात्र कागदावर त्याचीच राहते.

बाँडवर लिहून घेतलेल्या व्यवहारांचंही तेच. नोटरी केली, दोन साक्षीदार घेतले, फोटो चिकटवला म्हणजे गाडी आपली झाली असं गावोगाव मानलं जातं. मालकी आरटीओच्या नोंदीनंच बदलते. असा बाँड चार हात फिरलेला असतो आणि मूळ मालक कुठे राहतो हेही कुणाला ठाऊक नसतं. आरसीवर ज्याचं नाव आहे तो माणूस समोर असल्याशिवाय एक रुपयाही देऊ नका. तो वारला असेल तर वारसांच्या नावावर आधी नोंद होऊ द्या.

विम्याची पॉलिसी नुसती मुदतीपुरती बघू नका, त्यातला एनसीबीचा (नो क्लेम बोनस) रकाना वाचा. क्लेम न घेता वर्षं गेली की ही सवलत २० टक्क्यांपासून वाढत ५० टक्क्यांपर्यंत जाते. पहिल्याच मालकाकडे सहा वर्षं असलेल्या गाडीला एनसीबी शून्य किंवा २० टक्के दिसला, तर एक-दोन वर्षांत क्लेम झालेला असू शकतो किंवा पॉलिसीत खंड पडलेला असतो. "क्लेम कशाचा होता?" असं सरळ विचारा. बंपरचा असेल तर हरकत नाही.

१ एप्रिल २०१९ च्या आधीच्या गाडीला एचएसआरपी (हाय सिक्युरिटी) नंबरप्लेट बसवलेली आहे का ते बघा. नसेल तर आरटीओतली कामं अडकतात. ती मालकाकडूनच बसवून घ्या.

*परराज्याच्या पासिंगची गाडी.* देगलूर, उदगीर, उमरगा पट्ट्यात केए (कर्नाटक) आणि टीएस (तेलंगणा) पासिंगच्या गाड्या सर्रास येतात. दिल्लीत १० वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर बंधनं आल्यापासून तिकडच्या एसयूव्हीही स्वस्तात दाखवतात. किंमत बघून मोह होतो, पण तिकडच्या आरटीओची एनओसी म्हणजे फॉर्म २८, इथला रस्ता कर, पुन्हा नोंदणी आणि नवा नंबर हा सगळा खर्च आणि धावपळ तुमच्या अंगावर पडते. १२ महिन्यांपेक्षा जास्त काळ गाडी दुसऱ्या राज्यात ठेवली की नवी नोंदणी कायद्यानं बंधनकारक आहे. "तशीच चालवा, कोणी अडवत नाही" हे एजंटचं बोलणं ऐकू नका. माझं मत विचाराल तर पहिलीच गाडी असेल तर एमएच-२० ते २६, ३८, ४४ किंवा ५५ अशी आपल्याच भागातली घ्या. मालकाच्या शेजाऱ्याला विचारता येतं, गाडी कुठे सर्व्हिसला जायची ते गॅरेज सापडतं.

५. पत्रा आणि रंग

दिवसा, उन्हात बघा. नुकतीच धुतलेली, पाणी निथळत असलेली गाडी बघू नका, ओल्या रंगावर डाग दिसत नाहीत. पुढच्या कोपऱ्यात गुडघ्यावर बसा आणि गाडीच्या बाजूनं डोळा लावून शेवटपर्यंत बघा. पत्र्यावर पडलेलं प्रतिबिंब एखाद्या दारावर लहरत असेल तर तिथे काम झालंय. चुंबक फिरवा. जिथे तो पकडत नाही तिथे आत लांबी (पुट्टी) भरलेली आहे. बंपर प्लॅस्टिकचे असतात, तिथे चुंबक चिकटणारच नाही.

आता बोनेट उघडा आणि बिजागऱ्यांचे नट जवळून बघा. कंपनीत गाडी रंगते तेव्हा नटांवरही रंगाचा सलग थर बसतो. त्या नटाच्या सहा कडांपैकी एखाद्या कडेचा रंग उडालेला असेल, आतला धातू चमकत असेल किंवा वॉशरभोवती रंगाची गोल रेघ तुटलेली असेल, तर त्या नटाला पाना लागलेला आहे, म्हणजे बोनेट कधीतरी उतरवलं गेलंय. मडगार्डचे, दारांचे, डिकीचे नटही असेच बघा. एका दाराला पाना लागला असेल तर फार मनावर घेऊ नका. पुढचे सगळे नट फिरलेले असतील तर समोरून मोठी धडक झाली असावी.

दार किंवा बंपर रंगवलेली गाडी मी कधी नाकारत नाही. आपल्या रस्त्यांवर उसाच्या ट्रॉल्या आणि बैलगाड्यांच्या गर्दीत सहा वर्षं ओरखडा न पडलेली गाडी सापडणं अवघड आहे. पण बोनेटच्या आतल्या दोन्ही बाजूंचे ॲप्रन (पत्र्याचे उभे भाग), दारांमधले खांब, छत आणि डिकीतला स्टेपनीचा खड्डा इथे कापून जोडल्याच्या खुणा असतील तर गाडी कितीही स्वस्त असो, सोडा. कंपनीच्या वेल्डिंगचे ठिपके सारख्या अंतरावर, गोल आणि बारीक असतात. गॅरेजमधलं वेल्डिंग ओबडधोबड असतं आणि त्यावर काळा रंग मारलेला असतो. स्कॉर्पिओसारख्या चेसीवरच्या, म्हणजे खाली वेगळी लोखंडी चौकट असलेल्या गाडीत खाली वाकून चेसीचे दोन्ही दांडे टॉर्चनं शेवटपर्यंत बघा. अपघातात पुन्हा घरच्यांना वाचवायचं काम याच भागांचं आहे, म्हणून इथे तडजोड नको.

६. इंजिन थंड असताना

सकाळी जा, आणि "मी येईपर्यंत गाडी चालू करू नका" असं आदल्या दिवशीच सांगून ठेवा. पोचल्यावर आधी बोनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर "दुसऱ्या दिवशी येतो" म्हणा. डिझेल इंजिनाचे बरेच आजार गरम झाल्यावर लपतात.

चालू करण्याआधी ऑइलची पट्टी काढून टिश्यूवर पुसा. डिझेलचं ऑइल काळं असणारच, त्याला घाबरू नका. दुधाळ चॉकलेटी रंग दिसला तर ऑइलमध्ये पाणी मिसळतंय. पातळी फारच खाली असेल तर इंजिन ऑइल खातंय किंवा कुठेतरी गळतंय.

मग कूलंटची टाकी. आपल्या भागातल्या गाड्यांत इथे विशेष लक्ष द्या. उन्हाळ्यात कूलंट कमी झालं की रस्त्यावरच्या हॉटेलातून बोअरचं पाणी भरायची सवय सगळीकडे आहे, आणि मराठवाड्यात बहुतेक बोअरचं पाणी जड. टॉर्च टाकीच्या मागून धरा. कूलंट स्वच्छ हिरवं, लाल किंवा गुलाबी, जे कंपनीचं असेल ते, आरपार दिसलं पाहिजे. पाणी गंजासारखं तांबूस असेल, टाकीच्या आतल्या कडेला पातळीच्या रेषेवर पांढुरका थर धरलेला असेल, थंड इंजिनावर रेडिएटरचं झाकण उघडल्यावर तोंडाशी चुन्यासारखे पापुद्रे हाताला लागत असतील, तर तोच थर आत बारीक नळ्यांतही बसलाय. अशी गाडी थंडीत छान चालते आणि मे महिन्यात परभणीच्या उन्हात, एसी लावून, चार माणसं घेऊन निघालात की गरम होते. दोन-तीनदा अशा तापलेल्या गाडीचं हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाच्या हेड आणि ब्लॉकमधलं पॅकिंग, जातं. कूलंटवर तेलाचा तवंग दिसला तर बहुधा तो प्रकार होऊन गेलाय. गरम इंजिनावर हे झाकण उघडू नका, भाजेल.

एअर फिल्टरचा डबा उघडून बघा. काळ्या मातीची धूळ फिल्टरवर असणारच. फिल्टरच्या पुढच्या नळीत, म्हणजे इंजिनाकडे जाणाऱ्या बाजूला, बोट फिरवा. तिथे धूळ लागली तर ती टर्बोत आणि इंजिनात जात होती. शेतरस्त्यावर फिरलेल्या गाडीत ही तपासणी सोडू नका.

आता चालू करा. लगेच सुरू व्हायला हवी. मागे उभ्या माणसाला सायलेन्सरचा धूर बघायला सांगा. काळा धूर सुटत राहिला तर इंधनाचं किंवा टर्बोचं काम, निळसर असेल तर ऑइल जळतंय, आणि इंजिन गरम झाल्यावरही पांढरा धूर येत असेल तर कूलंट जळत असण्याची शक्यता. इंजिन हळू चालू असताना ऑइल भरायचं झाकण सैल करून उचला. किंचित वाफ दिसली तर चालेल. भक्भक् धूर आणि ऑइलचे थेंब उडाले तर बॅक कॉम्प्रेशन आहे, रिंगा झिजल्यात. मेकॅनिकला दाखवल्याशिवाय पुढे जाऊ नका.

डस्टरच्या डिझेल इंजिनात टायमिंग बेल्ट असतो. तो वेळेवर बदलल्याचं बिल मागा. चालत्या गाडीत तो तुटला तर व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आदळतात आणि इंजिन उघडावं लागतं.

७. गाडी पाण्यात बुडालेली तर नाही?

पूर्वी ही भीती मुंबई, कोल्हापूर-सांगली नाहीतर चिपळूणकडून आलेल्या गाड्यांची असायची. सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत आपल्याकडेच बीड, धाराशिव, लातूर भागात पाणी गावांत शिरलं, त्यामुळे आता स्थानिक गाडीही तपासावी लागते. सीटबेल्ट पूर्ण शेवटपर्यंत ओढून काढा. वरचा भाग धुतलेला असतो, पण आतल्या शेवटच्या हातभर पट्ट्यावर चिखलाची रेघ राहते. पुढच्या सीटखालचे नट, डॅशबोर्डच्या खालचे स्क्रू गंजलेत का बघा. पायाखालचं कार्पेट कोपऱ्यातून उचलून वास घ्या. गाडीत नको इतका सेंट मारलेला असेल तर काचा बंद करून दहा मिनिटं थांबा आणि मग दार उघडा.

बुडालेली गाडी दुरुस्त करून चालते, पण तिची वायरिंग वर्ष-दोन वर्षांनी त्रास देते आणि एअरबॅगचा भरवसा राहत नाही. किंमत कितीही पाडून दिली तरी घेऊ नका.

८. आत बसल्यावर

मीटर मागं करणं आता मिनिटांचं काम आहे, त्यामुळे आकड्यावर विसंबू नका. क्लच-ब्रेकच्या पेडलचं रबर, स्टेअरिंगवरचं कव्हर काढून आतली चमक, ड्रायव्हर सीटची उतरायच्या बाजूची कड हे बघा. मग टायरच्या बाजूवर चार आकडे वाचा. २३१९ म्हणजे २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला टायर. २०१८ ची गाडी, मीटरवर ३८ हजार, आणि टायर दोनदा बदललेले, असं असेल तर हिशोब जुळत नाही. सगळ्यात खात्रीचा पुरावा म्हणजे कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधली नोंद. मालकाला सोबत घेऊन जा, गाडीच्या नंबरावर प्रत्येक सर्व्हिसचं किलोमीटर निघतं.

चावी 'ऑन'वर फिरवा, इंजिन चालू करू नका. डॅशबोर्डवर एअरबॅग, एबीएस आणि इंजिनचे दिवे लागले पाहिजेत आणि इंजिन चालू झाल्यावर विझले पाहिजेत. दिवा लागून राहिला तर दोष आहे हे सगळ्यांना कळतं. दिवा मुळात लागलाच नाही, तर मात्र कुणीतरी तो काढून टाकलाय. अपघातात उघडलेल्या एअरबॅग न बसवता वर कव्हर लावून विकलेल्या गाड्यांत हेच केलेलं असतं.

एसी दुपारी तपासा, ऊन चढल्यावर. उभ्या गाडीत दहा मिनिटांत गार हवा आली पाहिजे, मागच्या व्हेंटमधूनही.

९. चालवून बघा

वीस-पंचवीस किलोमीटर तरी चालवा, आणि तुमच्या रस्त्यानं. खराब रस्ता, थोडा हायवे आणि एक चढ हवा. बीडकरांना मांजरसुंबा घाट आहे, संभाजीनगरकरांना दौलताबाद-खुलताबादचा चढ. गाणी बंद, आणि गप्पाही बंद ठेवायला नम्रपणे सांगा.

खड्ड्यातून हळू जाताना खट-खट आवाज आला तर लोअर आर्म, बॉल जॉइंट, बुश किंवा शॉकअपचं काम आहे. आपल्या रस्त्यांवर हे झिजतंच, पैसे वजा करून घेता येतात. चढावर वरच्या गिअरमध्ये जोर द्या. इंजिनचे फेरे वाढतात आणि गाडी पुढे सरकत नाही, तर क्लच प्लेट संपलीये. डिझेल एसयूव्हीचा क्लच सेट पाच आकडी खर्च आहे. हायवेवर ८०-९० ला स्टेअरिंग थरथरतं का, सरळ रस्त्यावर गाडी एका बाजूला ओढते का, ब्रेक दाबल्यावर पेडल धडधडतं का, हे बघा. ऑटोमॅटिक असेल तर गर्दीत सरकत-थांबत चालवा, झटके तिथेच कळतात. परत आल्यावर इंजिन चालू ठेवून तापमानाचा काटा बघा आणि गाडीखाली काही गळतंय का तेही.

टायरला नक्षी असली तरी ते पाच-सहा वर्षांहून जुने असतील तर बदलायचेच, असं धरा. समृद्धीसारख्या सिमेंटच्या रस्त्यावर उन्हाळ्यात कडक झालेल्या टायरवर घरच्यांना घेऊन जाऊ नये.

१०. मेकॅनिक तुमचा हवा

त्याच कंपनीच्या गाड्यांवर काम केलेला मेकॅनिक शोधा आणि त्याची मजुरी तुम्हीच द्या. मालकानं सुचवलेला नको, आणि व्यवहार जमवला म्हणून कमिशन घेणारा तर नकोच. गाडी रॅम्पवर चढवून खालून बघू द्या. स्कॅनर लावून चुकांचे कोड वाचा. "नुकतेच कोड पुसलेत" असं स्कॅनर दाखवत असेल तर चालवून पुन्हा लावा.

११. बोली आणि इसार

किंमत ठरवताना नव्या गाडीची आजची किंमत समोर ठेवा. २२ सप्टेंबर २०२५ पासून गाड्यांवरचा जीएसटी कमी झाला, तेव्हा "मी इतक्याला घेतली होती" हा हिशोब आता चालत नाही. मग वही उघडा. समजा बोली ८ लाख ४० हजारांची आहे, चार टायरला ३५ हजार, क्लचला २५ हजार आणि सस्पेन्शनला १५ हजार लागणार आहेत, तर ७५ हजार आधी वजा करा आणि मग घासाघीस सुरू करा. कारण दाखवून मागितलेली सूट लोक देतात.

इसार बँकेतून द्या आणि इसार पावतीवर गाडीचा नंबर, चेसी नंबर, ठरलेली रक्कम, कागद कधी देणार आणि कागदात खोट निघाली तर इसार परत, हे लिहून घ्या. उरलेले पैसेही आरटीजीएसनं. एका व्यवहारात २ लाख किंवा त्याहून जास्त रोख घेण्यावर आयकर कायद्यात बंदी आहे.

१२. नावावर करून घ्या

फॉर्म २९ आणि फॉर्म ३० वर दोघांच्या सह्या, मूळ आरसी, चालू विमा, पीयूसी, दोघांचे आधार-पॅन, पत्त्याचा पुरावा, फोटो आणि चेसी नंबराची पेन्सिलनं घासून घेतलेली छाप, एवढी फाइल करा. अर्ज परिवहन पोर्टलवर भरला जातो आणि ओटीपी येतो, म्हणून मालकाचा चालू मोबाइल नंबर तिथे नोंदलेला आहे याची खात्री पैसे देण्याआधी करा. नंबर बंद पडलेला असेल तर तिथेच काम अडतं.

राज्यातल्या राज्यात विकणाऱ्यानं १४ दिवसांत आणि घेणाऱ्यानं ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. कोऱ्या फॉर्मवर सह्या घेऊन सहा महिने ठेवू नका. विकणाऱ्यांनाही सांगतो, नाव बदललं नाही आणि अपघात झाला तर नोटीस तुमच्या घरी येते.

विमा १४ दिवसांत तुमच्या नावावर करायला अर्ज द्या. तोपर्यंत समोरच्याच्या नुकसानीचं संरक्षण चालू राहतं, पण तुमच्या गाडीच्या नुकसानीचा क्लेम अडकतो. आधीच्या मालकाचा एनसीबी त्याचाच असतो, तो तुम्हाला मिळत नाही, म्हणून प्रीमियमचा फरक भरावा लागेल.

१३. गाडी घरी आल्यावर

दोन्ही चाव्या, जॅक, पाना, स्टेपनी आणि मॅन्युअल त्याच दिवशी ताब्यात घ्या. दुसरी चावी नंतर मिळत नाही, आणि सेन्सरवाली नवी बनवायला बरेच पैसे जातात. जुना फास्टॅग मालकाला बंद करायला सांगा आणि तुमच्या नावाचा नवा लावा.

आधीच्या सर्व्हिसवर विसंबून न राहता इंजिन ऑइल, सगळे फिल्टर, ब्रेक ऑइल आणि कूलंट बदलून टाका. कूलंट काढताना सिस्टिम धुऊन घ्या आणि पाणी मिसळायचं असेल तर डिस्टिल्ड वॉटरच वापरा. त्याचा पाच लिटरचा कॅन बॅटरीच्या दुकानात मिळतो, एक डिकीत ठेवून द्या.